घर नसलेला फौजदार

मराठी, हिंदी आणि उर्दूतल्या कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत पोलीस अधिकारी पुष्कळ आहेत. त्यांची घरे मात्र फार थोडी आहेत. फौजदार ठाण्यात दिसतो, जीपमध्ये दिसतो, मंत्र्यासमोर सावधान उभा असलेला दिसतो. रात्री दोन वाजता तो कोणाच्या दारावर थाप मारून आत जातो, त्याच्यासाठी ताट कोण झाकून ठेवते, बढतीची यादी लागली आणि तीत आपले नाव नाही हे तो बायकोला कसे सांगतो, हे आपल्या वाचनात क्वचित येते. ज्याचे नाव सलीम, आरिफ किंवा हैदर आहे अशा अधिकाऱ्याच्या बाबतीत तर ते जवळजवळ येतच नाही. या लेखात काही परिचित कलाकृतींच्या आधारे पोलिसाची नोकरी आणि पोलिसाचे घर यांचे चित्रण तपासून पाहायचे आहे. शेवटी आपण, म्हणजे मराठीत लिहिणारे मुसलमान, या चित्रणात कोठे उभे आहोत हेही विचारायचे आहे.

सुरुवात भाषेपासून करतो, कारण मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि भाषा हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यात चालणारी मराठी नीट ऐकावी. हवालदार, जमादार, फौजदार, शिपाई ही हुद्द्यांची नावे. गुन्हा, फिर्याद, जबाब, जप्ती, जामीन, फरार, कैद, हद्द, मजकूर हे रोजच्या कागदावरचे शब्द. हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आले आणि शतकानुशतके इथेच राहिले. पंचनाम्यातला ‘पंच’ इथला आणि ‘नामा’ तिकडचा. ठाण्याच्या भाषेत माणसाला ‘इसम’ म्हणतात. हा अरबीतला ‘इस्म’, त्याचा अर्थ नाव. मेलेल्या माणसाला ‘मयत’ म्हणतात, जसे आमच्या घरात म्हणतात. उर्दू गझलेत ‘फरियाद’ प्रियकराच्या ओठांवर असते, मराठीत ती ठाणे अंमलदारासमोर नोंदवली जाते. उर्दूत ‘गुनाह’ म्हणजे अल्लाहसमोरचे पाप आणि ‘जुर्म’ म्हणजे कायद्याविरुद्धचे कृत्य. मराठी पोलिसाने दोन्हींसाठी ‘गुन्हा’ हा एकच शब्द पसंत केला.

ही केवळ शब्दांची गंमत म्हणून सांगत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असते. आमच्याकडची मुले मैदानात सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात आणि मराठी व्याकरणापाशी अडखळतात. ज्या ठाण्याची निम्मी भाषा त्यांच्या आजोबांना अर्थ न विचारता कळली असती, त्याच ठाण्याच्या दारात भाषेमुळे ती बाहेर राहतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात देशभरातील पोलीस शिपायांत मुसलमानांचे प्रमाण सुमारे सहा टक्के आणि भारतीय पोलीस सेवेत चार टक्के दिले होते. याची कारणे अनेक आहेत आणि ती शोधणे हा समाजशास्त्राचा विषय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला वेगळा प्रश्न पडतो. जे सहा टक्के आत गेले, त्यांची गोष्ट कोणी लिहिली?

दोन जुनी टोके

आमच्या पिढीच्या आधीच्या उर्दू वाचकांना पोलीस अधिकारी भेटला तो इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’मध्ये. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा नायक फरीदी आधी इन्स्पेक्टर होता, पुढे कर्नल झाला. त्याचा जोडीदार हमीद सार्जंटचा कॅप्टन झाला. फरीदी खानदानी श्रीमंत आहे, अविवाहित आहे, कुत्रे आणि साप पाळतो. पगाराची त्याला गरज नाही, त्यामुळे लाचेचा मोह नाही. बायको-मुले नाहीत, त्यामुळे भीतीही नाही. घरोघरी भाड्याने आणून वाचल्या गेलेल्या या कादंबऱ्यांनी उर्दू वाचकाला एक स्वच्छ, बुद्धिमान, सुसंस्कृत मुसलमान अधिकारी दिला हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण फरीदीचा प्रामाणिकपणा त्याला फुकट मिळालेला आहे. ज्याला घरभाडे भरायचे नाही, त्याच्या सचोटीची परीक्षा होत नाही. प्रेमचंदांच्या ‘नमक का दारोगा’ या कथेतला वंशीधर पोलिसातला नसून मिठाच्या खात्यातला आहे, पण सचोटीची किंमत त्याला फरीदीपेक्षा अधिक कळली आहे. त्याच्या घरात कर्ज आहे, लग्नाला आलेल्या बहिणी आहेत आणि मुलाने वरकमाईची जागा बघावी असे सांगणारे वडील आहेत. त्यामुळे त्याने नाकारलेल्या रकमेला वजन येते.

दुसरे टोक मराठीतले आहे. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला. चित्रपट विनोदी होता, लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि ‘पांडू’ हे विशेषनाम महाराष्ट्रात सामान्यनाम झाले. चौकात उभ्या असलेल्या कोणत्याही शिपायाला मागून ‘पांडू’ म्हणायची सोय झाली. दोष चित्रपटाचा फार नाही. हवालदाराकडे माणूस म्हणून पाहायची सवय नसलेल्या समाजाने एक सोयीचे नाव उचलले, इतकेच. २००८ साली २६ नोव्हेंबरच्या रात्री सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात फक्त काठी असताना बंदूकधारी अतिरेक्याला भिडले आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यांना अशोकचक्र मिळाले. त्यानंतर काही दिवस ‘पांडू’ म्हणताना लोकांची जीभ अडखळली असेल. पुढे शब्द पुन्हा रूढ झाला.

वर फरीदी, खाली पांडू. एकाला गरजा नाहीत, दुसऱ्याला प्रतिष्ठा नाही. यांच्यामधला जो मोठा वर्ग आहे, म्हणजे शिपाई म्हणून भरती होऊन हळूहळू वर सरकणारा किंवा परीक्षा देऊन उपनिरीक्षक झालेला, कर्जावर घर घेणारा, बदलीला घाबरणारा, त्याच्याकडे कलाकृतींचे लक्ष उशिरा गेले.

जळण्यासाठी बांधलेले घर

सलीम-जावेद या जोडीने हिंदी सिनेमाला संतप्त इन्स्पेक्टर दिला. ‘जंजीर’ (१९७३) मधल्या विजयचे आई-वडील तो लहान असतानाच मारले जातात. त्याच्या वर्दीमागे ती एक रात्र आहे. ‘दीवार’ (१९७५) मध्ये एक भाऊ तस्कर आणि दुसरा पोलीस, आणि आई दोघांच्या मध्ये. इथे घर आहे, पण ते तराजूसारखे आहे. एका पारड्यात कायदा, दुसऱ्यात रक्त. घरातला रोजचा व्यवहार त्या तराजूत मावत नाही.

या जोडीच्या ‘शक्ती’ (१९८२) कडे मात्र थांबून पाहावे लागते. डीसीपी अश्विनीकुमारच्या लहान मुलाला गुंड पळवून नेतात. टेलिफोनवर बाप कर्तव्य सोडायला नकार देतो आणि ते मुलाच्या कानावर पडते. पुढचा सगळा चित्रपट त्या एका ऐकण्यातून उभा राहतो. पोलिसाच्या नोकरीची किंमत त्याच्या मुलाने मोजली आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा व्यावसायिक चित्रपट दुसरा चटकन आठवत नाही. इथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लिहिणारे सलीम खान आणि जावेद अख्तर, वर्दी घालून उभे राहिलेले यूसुफ खान म्हणजे दिलीपकुमार, आणि अधिकाऱ्याचे नाव अश्विनीकुमार. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. तो काळ तसा होता आणि नट कोणत्याही नावाने मोठाच राहतो. पण मुस्लिम नावाचा पोलीस अधिकारी नायक म्हणून कल्पिणे त्यांनाही जमले किंवा सुचले नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पुढच्या काळात पोलीसपटांनी पोलिसाला घर दिले, पण बहुतेकदा ते उद्ध्वस्त करण्यासाठी. ‘शूल’ (१९९९) मध्ये समर प्रताप सिंह या इन्स्पेक्टरला बायको आणि लहान मुलगी आहे. दोघीही जातात आणि मग त्याला काहीही करण्याची मोकळीक मिळते. ‘अब तक छप्पन’ (२००४) मध्ये साधू आगाशेच्या घरातली सकाळ, नवरा-बायकोतली चेष्टा फार सुरेख आली आहे. नाना पाटेकर आणि रेवती यांनी ते थोडके प्रसंग जिवंत केले आहेत. पण अनुभवी प्रेक्षकाला त्या सुखातच पुढचे कळते. पत्नीचा खून होणार आणि आगाशे सूडाला निघणार. घरातली माणसे पटकथेची लाकडे होतात. ज्या पोलिसाची बायको मारली जात नाही, फक्त वीस वर्षे एकटी जेवते, तिच्यावर पटकथा लिहिली जात नाही.

‘अर्धसत्य’ आणि हैदर अली

या सर्वांत वेगळा उभा आहे तो गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३). त्याचे मूळ मराठीत आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) हा निवृत्त पोलीस शिपायाचा मुलगा. बापाला मुलगा फौजदार झालेला पाहायचा होता, मुलाला पुढे शिकायचे होते. बापाचे चालले. हाच बाप बायकोवर हात उगारीत असे. लहानपणी आईला मार खाताना पाहिलेला आणि काहीच करू न शकलेला मुलगा मोठेपणी वर्दी घालतो.

अनंतची नोकरी आणि अनंतचे घर हे या चित्रपटात दोन स्वतंत्र विषय नाहीत, आणि म्हणून तो महत्त्वाचा वाटतो. रामा शेट्टीला हात लावता येत नाही. धोका पत्करून केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाते. दारू वाढते. प्राध्यापक असलेली ज्योत्स्ना (स्मिता पाटील) त्याच्यापासून दूर होऊ लागते. प्रत्येक अपमान तो आत साठवतो आणि एके दिवशी कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर काढतो. तो माणूस मरतो. ज्याला हात लावता आला नाही त्याच्या वाट्याचा मार ज्याला कोणी वाली नाही त्याला मिळाला. बापाने आईला का मारले असेल याचे उत्तर चित्रपट कुठेही शब्दांत देत नाही, पण ते याच जागी सापडते. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल आपण वृत्तपत्रांत वाचतो ते एका ओळीत. त्या ओळीमागे काय काय असू शकते हे ‘अर्धसत्य’ने दाखवले आणि तसे करताना अनंतला निर्दोषही ठरवले नाही.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने या चित्रपटात आणखी एक माणूस आहे. इन्स्पेक्टर हैदर अली, म्हणजे शफी इनामदार. तो अनंतचा वरिष्ठ आणि हितचिंतक आहे. कोणाची ओळख कुठपर्यंत पोहोचते, कोणती फाईल कोणाकडून हलते, हे त्याला पाठ आहे. अनंत अडचणीत आला की मार्ग तोच सुचवतो, आणि तो मार्ग दर वेळी थोडा वाकडा असतो. अखेरीस रामा शेट्टीकडे जाण्याचा सल्लाही त्याचाच. हैदर अली साधुपुरुष नाही आणि खलपुरुषही नाही. व्यवस्थेत मुरलेला, मित्राला वाचवू पाहणारा, थकलेला अधिकारी आहे. त्याला देशावरचे प्रेम सिद्ध करावे लागत नाही. त्याच्या नावाकडे कोणी बोट दाखवत नाही. १९८३ साली हे शक्य होते. त्याचे घर आपल्याला भेटत नाही, तो प्रामुख्याने अनंतचा सोबती म्हणूनच येतो, ही उणीव राहिली. तरी एक मुसलमान अधिकारी इतरांइतकाच तडजोडवादी आणि इतरांइतकाच माणूस म्हणून पडद्यावर आला, याचे मोल पुढचे चित्रपट पाहिल्यावर कळते.

सलीमची परीक्षा

‘सरफरोश’ १९९९ साली आला. मधल्या काळात १९९२-९३ च्या मुंबईतील दंगली झाल्या, मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले, आणि १९९८ साली श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने दंगलीतील पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर कठोर बोट ठेवले. मोहल्ला आणि ठाणे यांच्यात पूर्वीही अंतर होते. आता तिथे भिंत झाली.

‘सरफरोश’मधला इन्स्पेक्टर सलीम (मुकेश ऋषी) त्या भिंतीवर उभा आहे. त्याच्या निष्ठेवर संशय घेतला जातो, तपासातून तो बाजूला होतो, दुखावतो, वरिष्ठाशी भांडतो आणि अखेर आपल्या खबरींच्या जोरावर महत्त्वाचा धागा घेऊन परत येतो. सलीमचे पात्र प्रेक्षकांना आवडले आणि त्याचा राग अनेकांना आपला वाटला. त्या काळात व्यावसायिक चित्रपटाने हा प्रश्न उघडपणे मांडला हे धैर्याचेच होते. पण समीक्षकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा. सलीमच्या नोकरीत सलीम असण्यापलीकडे काय आहे? त्याच्या सहकाऱ्याला खासगी दुःख आहे, घर आहे, प्रेमप्रकरण आहे, गाणी आहेत. सलीमला आहे ती परीक्षा. ती तो उत्तीर्ण होतो आणि चित्रपट त्याच्यावर खूश होतो. हैदर अलीला नापास व्हायची मुभा होती. सोळा वर्षांत ती मुभा गेली.

‘अ वेन्सडे’ (२००८) मध्ये आरिफ खान आहे. तरुण, कठोर, हात चालवणारा. त्याला परीक्षा द्यावी लागत नाही, कारण त्याचे नाव हेच पटकथेचे उत्तर आहे. दहशतवादाच्या गोष्टीत एक चांगला खान ठेवला की तोल साधतो, असा हिशेब मला तिथे दिसतो.

‘शूटआउट ॲट वडाला’ (२०१३) चे उदाहरण अधिक बोलके आहे. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबई पोलिसांची पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. त्या पथकात राजा तांबट आणि इसाक बागवान हे अधिकारी होते. बागवान पुढे सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि शौर्यपदकांचे मानकरी ठरले. चित्रपटात अनिल कपूरने केलेला आफाक बागरान त्यांच्यावरून बेतला आहे. आता मांडणी पाहा. पोलिसांच्या गाडीत शेवटचे श्वास घेणारा मन्या आपली कहाणी सांगतो आणि बागरान ऐकतो. गुंडाला कॉलेज आहे, आई आहे, प्रेम आहे, बिघडण्याची कारणे आहेत. अधिकाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने प्रश्न विचारण्याचे काम येते. बागवान समाजातला एक मुलगा ऐंशीच्या दशकात मुंबई पोलिसांत इथवर कसा आला, त्याच्या अम्मीने चकमकीची बातमी कोणाकडून ऐकली, त्या रात्री घरात काय बोलणे झाले, हे कुतूहल पटकथाकाराला वाटले नाही. आणि आपल्यालाही वाटले नाही.

जिथे घर सापडले

निराशेचा सूर इथे थांबवतो, कारण चांगली उदाहरणे आहेत. ‘मुंबई मेरी जान’ (२००८) मध्ये परेश रावळने साकारलेला तुकाराम पाटील निवृत्तीच्या तोंडावर उभा आहे. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतरचे ते दिवस. आयुष्यभर त्याने डोळेझाक केली, मोठ्यांच्या वाटेला गेला नाही आणि आता हातात काय राहिले हे तो हसत हसत मोजतो. त्याच्याबरोबरचा तरुण शिपाई अजून चिडू शकतो. एकाच गस्तीच्या गाडीत नोकरीची सुरुवात आणि शेवट शेजारी बसवून दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी एका हवालदाराची सबंध कारकीर्द दाखवली.

विक्रम चंद्रा यांच्या ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) या कादंबरीतला हवालदार काटेकर तर मला या विषयावरचे सर्वांत पूर्ण चित्र वाटतो. त्याला शालिनी नावाची बायको आहे, दोन मुले आहेत, छोटी खोली आहे, चौपाटीवरची एक संध्याकाळ आहे. तो मेल्यानंतर कादंबरी त्याच्या साहेबाबरोबर पुढे निघून जात नाही. ती त्या खोलीत परत येते, विधवेने संसार कसा उभा केला आणि मुलाच्या मनात साहेबाबद्दल राग कसा साचला ते पाहते. याच कादंबरीत माजिद खान नावाचा अधिकारी आहे. तो सरताज सिंगला घरी जेवायला बोलावतो. घटस्फोटित शीख सहकाऱ्याला ज्या घरात आपलेपणा मिळतो ते घर मुसलमान पोलिसाचे आहे, आणि त्यावर लेखक काही भाष्य करत नाही. एक जेवण, बस्स. हैदर अलीनंतर मला इतके सहज काही वाचायला मिळाले नव्हते. खंत एवढीच की मुंबईच्या खोलीत राहणारा काटेकर आधी इंग्रजीत जन्मला.

स्त्रियांच्या बाबतीत ‘सोनी’ (२०१८) हा इव्हान आयर यांचा चित्रपट आवर्जून पाहावा. दिल्ली पोलिसांतली एक उपनिरीक्षक आणि तिची वरिष्ठ अधिकारी कल्पना, या दोघींच्या घरांत कॅमेरा शांतपणे बसून राहतो. हुद्दा कितीही मोठा असो, घरी तिच्याकडून काय अपेक्षा आहेत हे जेवणाच्या टेबलावर कळते.

आपल्या दारातून दिसणारा पोलीस

आता आपल्या घरात येऊ. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) पासून मराठीत मुस्लिम जीवन आतून लिहिले जाऊ लागले. गेल्या तीन-चार दशकांत मुस्लिम मराठी साहित्याने तलाक, गरिबी, दंगल, मोहल्ला, ओळखीचा प्रश्न हे सारे मांडले. त्यातले जेवढे माझ्या वाचनात आले त्यात पोलीस दारात येतो. तो मध्यरात्री येतो, तरुणाला घेऊन जातो, आई ठाण्याबाहेर बसून राहते. हे खोटे नाही. हा अनुभव घेतलेली माणसे आपल्यात आहेत आणि त्यांचे लिहिणे गरजेचे होते. पण त्या दारातून पोलिसाची फक्त छाती दिसते, नावाची पट्टी दिसते. तो आपल्यापैकीच एखाद्याचा मुलगा असू शकतो हे त्या चौकटीत मावत नाही.

कोणी म्हणेल, ज्या खात्याविषयी श्रीकृष्ण आयोगाला तसे लिहावे लागले, त्या खात्यातल्या माणसांच्या घरात डोकावून त्यांच्याविषयी सहानुभूती का निर्माण करायची? जखम झालेल्याने हे विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर ‘अर्धसत्य’मध्येच आहे. अनंतचे घर पाहिल्यामुळे कोठडीतल्या माणसाचा मृत्यू हलका होत नाही, उलट अधिक असह्य होतो. मारणारा राक्षस असता तर आपण सुटलो असतो. तो एका मार खाणाऱ्या आईचा मुलगा आहे हे कळल्यावर सुटका नाही. आयोग कृत्याची नोंद करतो आणि ते आवश्यकच आहे. ते कृत्य करणारा हात कसा घडला, हे फक्त कथा-कादंबरी विचारू शकते. घर दाखवणे म्हणजे माफीनामा लिहून देणे नव्हे.

आणि न लिहिलेले किती आहे पाहा. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. आता तिथे पुनर्विकास सुरू आहे आणि ते जग डोळ्यांसमोरून जात आहे. मुंबईत आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग २०१६ साली देवनार ठाण्यात सुरू झाला. त्याआधी बारा तास आणि बंदोबस्ताला त्याहून जास्त हीच रीत होती. चार तास लवकर घरी आलेल्या बापाशी काय बोलायचे हे मुलांना सुचले असेल का? २०२२ साली महाराष्ट्रात पोलीस नाईक हे पद रद्द झाले, शिपायाला निवृत्तीपूर्वी फौजदार होता यावे म्हणून. हा कागदावरचा निर्णय किती घरांत पेढे घेऊन गेला असेल. राज्य राखीव पोलीस दलातील एका शिपायाचा दाढीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ साली न्यायालयात त्यावर बोलणे झाले, वृत्तपत्रांत दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. नियमाची बाजू आहे, श्रद्धेची बाजू आहे. पण निलंबित माणूस घरी बसला की त्या घराचे काय होते, त्याची बायको कोणत्या बाजूची असते, याची कथा मराठीत मला सापडली नाही.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भरतीत निवडला गेला. काही वर्षांनी भेटायला आला तेव्हा सहज म्हणाला, “सर, ईदच्या दिवशी ईदगाहच्या फाटकावर माझा बंदोबस्त होता. अब्बा आणि धाकटा भाई माझ्यासमोरून आत गेले. भाईने गले मिळायला हात पुढे केला, मी म्हटलं, नंतर. ठाण्यात मला सगळे खान म्हणतात. मोहल्ल्यात सगळे साहब म्हणतात. माझं नाव फक्त अम्मी घेते.” तो हे तक्रार म्हणून बोलत नव्हता. नोकरीवर तो खूश आहे, हप्ते फेडतो, बहिणीचे लग्न त्याने केले. मी शिक्षक आहे, कथाकार नाही, म्हणून त्याचे वाक्य इथे जसेच्या तसे ठेवतो. ज्यांना कथा लिहिता येते त्यांनी ठरवावे की यात कथा आहे की नाही.

हसन गफूर २००८ साली आणि अहमद जावेद २०१५ साली मुंबईचे पोलीस आयुक्त झाले तेव्हा आपल्याकडे अभिनंदनाचे फलक लागले. मोठ्या पदाचा अभिमान असावा. पण साहित्याचे काम फलकाच्या पुढे सुरू होते. आयुक्ताच्या केबिनपेक्षा त्या फाटकावर उभ्या राहिलेल्या शिपायाकडे कथा अधिक आहे, कारण त्याला दोन्ही बाजूंनी पाहिले जाते आणि कोणत्याच बाजूने पूर्ण पाहिले जात नाही. त्याला साधू करू नये आणि सलीमसारखी परीक्षाही देऊ नये. हैदर अलीसारखे त्याला चुकू द्यावे, काटेकरसारखे चौपाटीवर नेऊ द्यावे, लाच घेतली असेल तर घेतली म्हणून लिहावे, नाकारली असेल तर कोणत्या महिन्यात आणि कोणते बिल थकलेले असताना नाकारली तेही लिहावे.

दहावीच्या वर्गात मी दर वर्षी ‘मला कोण व्हायचे आहे’ हा निबंध मराठीत लिहायला देतो. पोलीस व्हायचे असे लिहिणारी दोन-तीन मुले असतात, अलीकडे मुलीही असतात. त्यांच्या निबंधातला पोलीस सिनेमातून आलेला असतो, धावतो, गोळी झाडतो, देश वाचवतो. घरी जात नाही. त्यांना वाचायला देण्यासाठी, ज्यात फौजदार संध्याकाळी घरी येतो आणि त्याचे नाव त्यांच्या नावांसारखे असते, असे एक मराठी पुस्तक मी शोधतो आहे. ते आपल्यापैकीच कोणाला तरी लिहावे लागेल.